शेतकऱ्यांचे जबाब

१

सोमवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी पेणमध्ये अॅडव्होकेट विष्णु कर्णिक यांच्या ऑफिसात भूमिका म्हात्रेने संगणकावरचा एक फोल्डर उघडला. तो रिकामा होता.

फोल्डरचं नाव ‘शेतकऱ्यांचे जबाब’. खारेपाटातल्या शेतकऱ्यांचं आणि मिठागरांवर काम केलेल्या माणसांचं बोलणं त्यात होतं. भूमिकाने ते आपल्याच गावात घरोघर जाऊन रेकॉर्ड केलं होतं. मागच्या वर्षी उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी भातशेतीत शिरलं. बांध फुटला नव्हता, बांधातली एक उघाडी उघडी राहिली होती. उघाडी म्हणजे ओहोटीला शेतातलं पाणी खाडीत सोडायचं दार. ते कुणी उघडं ठेवलं, हा वाद. गावाचं बोट जेट्टीचं काम करणाऱ्या कंपनीकडे होतं. कंपनीला ते मान्य नव्हतं. गुरुवारी प्रांताधिकाऱ्यांपुढे सुनावणी होती आणि गावाच्या बाजूने मांडण्यासारखं जे होतं ते सगळं या फोल्डरमध्ये होतं.

कर्णिक आतल्या खोलीतून आले, पडद्याकडे पाहिलं आणि भूमिकाला खुर्चीतून उठायला सांगितलं. मशीनला आता हात लावायचा नाही, बाहेरच्या बाकावर बसायचं. ती बसली. तिचा भाऊ निकेश त्याच कंपनीत शिफ्टवर क्रेन चालवतो, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या सकाळपर्यंत त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं.

कर्णिकांनी रोह्याला पुतण्याला, अद्वयला, फोन लावला. अद्वयही वकील आहे. काकांच्या ऑफिसची रोह्यातली खोली तो सांभाळतो आणि तिथे बसून पेणच्या मशीनवरचे कागद पाहू शकतो. त्याने फोल्डरचं नाव टाकून शोध घेतला आणि परत फोन केला.

“काका, फोल्डर रिकामा नाहीये. फोल्डरच नाहीये.”

कर्णिकांच्या समोर, पडद्यावर, तो दिसत होता.

२

ऑफिसातली मशीनं लिनक्स या प्रणालीवर चालतात ती आसावरी टिपणीसमुळे. आसावरी रोह्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. तिचे वडील आणि कर्णिक एका वर्गातले. जुनी मशीनं व्हायरसनं बेजार झाली होती तेव्हा तिने ती पुसून त्यांच्यावर लिनक्स घातलं. तेव्हापासून प्रिंटर अडला किंवा मराठी अक्षरांच्या जागी चौकोन उमटले, की फोन तिला. अशा वेळी ती आधी काय झालं ते विचारते. कुणी केलं हे विचारायची वेळ सहसा येत नाही.

कर्णिक फोनवर म्हणाले, की एक तर तिचं लिनक्स खोटं बोलतंय, नाहीतर त्यांची माणसं.

“त्याला खोटं बोलता येत नाही, काका. फार थोडं बोलता येतं त्याला.”

“मग त्याला विचार, माझे जबाब कुठे गेले.”

मशीन बंद करू नका, एवढं सांगून ती स्टेशनवर गेली. गाडीत तिने भूमिकाला फोन केला. फोल्डर होता आणि रिकामा होता, असं भूमिकाने सांगितलं. तिचा आवाज सपाट होता. मग अद्वयला. फोल्डर नव्हताच, असं तो म्हणाला, आणि शोधायला वापरलेली आज्ञा त्याने अक्षरन् अक्षर वाचून दाखवली. आज्ञा बरोबर होती. ती आसावरीनेच त्याला शिकवली होती.

निडी स्टेशन मागे पडलं. दोघांपैकी एक खोटं बोलतोय, असं धरलं तर एक अडचण होती. कुणीही मशीनसमोर उभं राहून पाहिलं असतं तर ते खोटं जागीच उघडं पडलं असतं. खोटं बोलायचंच तर कुणी इतकं तकलादू बोलणार नाही. कासू येईपर्यंत तिने एवढंच ठरवलं, की दोघंही खरं बोलतायत असं धरून चालायचं.

पेणला पोहोचल्यावर तिने फोल्डर उघडला नाही. आधी मशीनला विचारलं, डिस्क किती भरली आहे. दर शनिवारी संध्याकाळी मशीन तिला हा आकडा आपणहून पाठवतं. तो तिच्या फोनमध्ये होता. तिने दोन्ही आकडे शेजारी धरले. सोमवारचा किंचित कमी होता, इतका किंचित की एरवी तिने तो सोडून दिला असता.

“काका, इथून काही गेलेलं नाही,” ती म्हणाली. “जबाब पुसले असते तर डिस्क बरीच मोकळी झाली असती. ते याच मशीनवर आहेत.”

कर्णिकांनी बाहेरच्या बाकाकडे पाहिलं. “म्हणजे लपवलेत.”

३

मग आसावरी बाकावर भूमिकाच्या शेजारी जाऊन बसली. पहिला प्रश्न बॅकअपचा. त्यासाठी एक वेगळी डिस्क तिने स्वतः लावून दिली होती. भूमिकाने कपाटामागे बोट दाखवलं. डिस्क तिथेच होती, पण तिच्या प्लगवर चहाची विजेवरची किटली लावलेली होती. किटली आणली कर्णिकांनी, जबाब घ्यायला सुरुवात झाली त्याआधीच; प्लग काढला कुणी ते आठवत नव्हतं.

फोनमधली मूळ रेकॉर्डिंग? ती मशीनवर चढवली की फोनमधून पुसायची, असं साहेबांनीच सांगितलं होतं. गावातली गोष्ट फोनवरून फिरू नये म्हणून.

मशीनकडे येण्याजाण्याची नोंद असते. आसावरीने ती काढली. रविवारी ऑफिस बंद असताना दोनदा बाहेरून कुणीतरी आत शिरलं होतं. एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी. कोण, ते नोंदीत नव्हतं, कारण ऑफिसात सगळ्यांना एकच नाव आणि एकच पासवर्ड होता. वेगवेगळे करा, असं आसावरी सांगत आली होती. एका घरात कुलपाला चार किल्ल्या कशाला, असं कर्णिक म्हणत आले होते. कुठून, हे अर्धं कळत होतं. जोडणी पेणच्या केबलवाल्याची होती आणि अर्ध्या पेणचं इंटरनेट त्याच्याकडून येतं, बाहेरून सगळ्यांचा पत्ता एकच दिसतो.

“रविवारी तू कुठे होतीस?”

गावी असते तर बरं झालं असतं, असं ती म्हणाली. गावात केबल पोहोचलेली नाही. पण रविवारी ती पेणमध्येच होती, निकेशच्या खोलीवर. निकेशकडे तीच केबल आहे.

निकेश शिफ्ट संपवून आला तो कंपनीचं हेल्मेट हातात घेऊनच. बहिणीला बाकावर बसवून ठेवलंय हे त्याला आवडलेलं नव्हतं, पण त्याने आवाज चढवला नाही. रविवारी दोघं दिवसभर खोलीवरच होती, पापलेट आणलं होतं, भूमिकाने केलं, बरं झालं होतं. संगणक खोलीत नाही.

“ताई, मी क्रेनवर आसतो. तिकडं दांडा वडला तं लोखंड उचलतं. हिकडं बटन दाबला तं काय व्हतं, मना काय ठावं?”

“फोनवरून करता येतं,” दारातून कर्णिक म्हणाले.

“साहेब, तुमाला येतं का?”

“मी त्या यंत्राला हात लावत नाही,” कर्णिक म्हणाले. ते खरं होतं. ऑफिसातल्या मशीनला त्यांना हात लावताना कुणी पाहिलेलं नव्हतं.

निकेश भूमिकाकडे वळला. गावात फोन गेलेत, त्याने सांगितलं. पोरीने जबाब कंपनीला नेऊन दिले, असं पारावर बोललं जातंय. जबाब देणाऱ्या सगुणा आतेच्या कानावरही गेलंय.

भूमिकाने मान हलवली. ती सकाळपासून ज्याची वाट पाहत होती ते हेच होतं. नोकरी गेली तर दुसरी मिळाली असती. गावाने दार उघडलं होतं ते म्हात्र्यांच्या मुलीला, वकिलाच्या ऑफिसला नव्हे.

४

आसावरी मशीनसमोर बसली. भूमिका रोज पडद्यावरच्या शॉर्टकटने फोल्डर उघडत असे. तो जिथे ठेवलेला असतो त्या मूळ जागी जायची तिला कधी गरज पडली नव्हती, आणि आज मशीनला हात लावायला बंदी होती. आसावरीने मूळ जागेतल्या सगळ्या फोल्डरांची यादी मागितली. काळ्या पडद्यावर नावं उतरली. वारस नोंदी. फेरफार. रोहा दिवाणी. आणि मग एकाखाली एक:

शेतकऱ्यांचे जबाब
शेतकऱ्यांचे जबाब

कर्णिक खुर्चीमागे उभे होते. एकाच जागी एकाच नावाचे दोन फोल्डर राहू शकतात का, असं त्यांनी विचारलं.

“नाही,” आसावरी म्हणाली. “राहूच शकत नाहीत.”

तिने दोघांचा जन्म कधीचा ते विचारलं. पहिला त्याच दिवशी सकाळी आठ वाजता जन्मलेला. दुसरा रविवारी संध्याकाळी. शनिवारी जो होता, आठ महिने जुना, त्याचा पत्ता नव्हता.

सकाळी आठचं कोडं लगेच सुटलं, कारण ते तिचंच काम होतं. ठरलेला एखादा फोल्डर चुकून उडाला तर कामं अडतात. म्हणून तिने मशीनला सांगून ठेवलं होतं, की रोज सकाळी आठला पाहायचं आणि नसेल तो नवा बनवायचा. मशीनने सोमवारी पाहिलं, शेतकऱ्यांचे जबाब नव्हते, त्याने नवा कोरा बनवला. भूमिकाने उघडला तो हा. तो कुणी रिकामा केला नव्हता. तो कधी भरलेलाच नव्हता.

तिने दुसरा उघडला. आत जबाब होते, माणसांच्या नावांनी, ओळीने.

कर्णिकांनी खुर्चीची पाठ सोडली. त्यांनी भूमिकाला आत बोलावलं. तिने यादीवरून नजर फिरवली. एकदा वरून खाली, मग खालून वर.

“आतेचा नाय,” ती म्हणाली. मग शुद्ध करून पुन्हा, “सगुणा आतेचा जबाब यात नाहीये.”

आसावरीने शनिवारचा आकडा पुन्हा काढला. सोमवारचा आकडा जेवढा कमी होता, तेवढ्यात एक जबाब मावत होता.

५

दोन नावं सारखी असू शकत नाहीत, म्हणजे ती सारखी नाहीत. आसावरीने मशीनला ती अक्षरांऐवजी आकड्यांत दाखवायला सांगितलं. मशीन अक्षर ओळखत नाही, त्यामागचे आकडे ओळखतं. श, त, क जुळले. ‘शेतकऱ्यांचे’मधल्या ऱ्यापाशी दोन्ही रांगा फुटल्या.

हा अर्धा ऱ मराठीचा खास आहे. हिंदीवाल्याला तो लागत नाही. ‘शेतकऱ्यांचे’ लिहिताना आपल्याला तो कागदावर एकच दिसतो. यंत्रात तो लिहायच्या वाटा मात्र तीन आहेत आणि तिन्ही डोळ्यांना सारख्याच दिसतात.

तिने भूमिकाला फोल्डरचं नाव टाइप करायला सांगितलं. भूमिकाने ऱ साठी एकच कळ दाबली, जशी तिला आसावरीने शिकवली होती. रांग कोऱ्या फोल्डरशी जुळली, जुळणारच होती. अद्वयकडून तेच नाव मेसेजने मागवलं. अद्वय रोमन अक्षरांत टाइप करतो आणि फोन त्याचं मराठी करतो. त्याच्या ऱ्यामध्ये साधा र होता, हलन्त होतं, आणि दोघांना जोडणारं एक न दिसणारं चिन्ह. ही रांग दोन्हींपैकी एकाही फोल्डरशी जुळत नव्हती.

“म्हणून त्याला काहीच सापडलं नाही,” आसावरी म्हणाली. “त्याने तिसराच फोल्डर शोधला. तो नव्हताच.”

भूमिकाने पाहिलेला रिकामा होता, अद्वयने शोधलेला नव्हता, आणि डिस्क भरलेली होती. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

अद्वयला हे फोनवर सांगितलं तेव्हा तो हसला. “म्हणजे ताई, मी निर्दोष, पण अशुद्ध.”

राहिला दुसरा फोल्डर, जबाब असलेला. त्याच्या नावात साधा र होता आणि त्याखालचा नुक्ता, म्हणजे टिंब, स्वतंत्र, वेगळं अक्षर म्हणून. आसावरीने भूमिकाला विचारलं, असा ऱ तू कधी टाइप केलायस का. भूमिकाने कळपट्टीवर नुक्ता कुठे आहे ते शोधलं, जमवलं, आणि म्हणाली, हे कोण करील.

माणूस करत नाही. एक यंत्र करतं. जुने मॅक लॅपटॉप फाईलचं नाव ठेवताना ऱ ची अशी फोड करून ठेवतात. ती चूक नाही, त्यांची पद्धत आहे. नाव त्यांच्याकडून दुसऱ्या मशीनवर गेलं की फोडलेलंच जातं. मॅकला फोडलेला आणि अखंड ऱ एकच वाटतात. लिनक्सला वाटत नाहीत.

म्हणजे रविवारी सकाळी कुणीतरी ‘शेतकऱ्यांचे जबाब’ हा फोल्डर पेणच्या मशीनवरून उचलून एका जुन्या मॅकवर नेला. प्रत काढली नाही, उचलूनच नेला. संध्याकाळी तो परत आणून ठेवला, एक जबाब कमी करून. ठेवणाऱ्याच्या दृष्टीने सगळं जागच्या जागी होतं. एकच जबाब गेलेला कुणाच्या लक्षात यायला वेळ लागला असता. बाकीचे दिसेनासे झाले ते त्याच्याही मनाविरुद्ध.

ऑफिसात मॅक नव्हता. रोह्याच्या खोलीत नव्हता. निकेशच्या खोलीवर संगणकच नव्हता.

“आतेने काय सांगितलं होतं?” आसावरीने विचारलं.

भूमिकाने आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग ती उठली आणि जिन्यात जाऊन उभी राहिली. आसावरी तिच्यामागे गेली.

उघडी राहिलेली उघाडी कोणती, ते सगळे ढोबळ सांगतात, भूमिका म्हणाली. आते नेमकं सांगते. पूर्वेकडची, गावात जिला कर्णिकांची उघाडी म्हणतात ती, कारण तिच्या आत कर्णिकांचं वडिलोपार्जित शेत आहे. त्या दिवशी ओहोटीला शेतातलं पाणी काढायला कर्णिकांचा गडी शिवा याने फळ्या वर घेतल्या. आतेने पाहिलं. त्या परत खाली घेताना तिने पाहिलं नाही.

“हे तुझ्या गावाच्या विरुद्ध जातं.”

“व्हय.”

“आणि तू तो जबाब ठेवलास.”

“तिने सांगितलं ते ठेवलं. काय ठेवायचं नि काय नाय, ते मी कोण ठरवणार?”

६

कर्णिकांचं घर ऑफिसपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. आसावरी चहाला गेली. अनसूयाकाकू, कर्णिकांच्या पत्नी, निवृत्त शिक्षिका, तिला पाहून खूश झाल्या. ध्रुवचं, त्यांच्या मुलाचं, पुण्यात बरं चाललंय. त्याने नवा लॅपटॉप घेतला आणि जुना इथे ठेवून गेला. तो समोरच्या टेबलावर होता, पाठीवर फळाचं चित्र. काकू त्यावर कधीमधी नातवंडांचे फोटो पाहतात, बाकी तो ह्यांचा, ऑफिसचे कागद घरून पाहता यावेत म्हणून ध्रुवने जोडून दिलेला.

रविवारी अद्वय इकडे आला होता का, असं आसावरीने सहज विचारलं. आला होता. रोह्याहून दुपारच्या गाडीने आला आणि जेवून लगेच परत गेला. हे मात्र सकाळपासून कानात वायरी घालून बसलेले. अद्वयशी धड बोलले नाहीत, आमटी निवली तरी लक्ष नाही. अद्वय गेल्यावर पुन्हा आत जाऊन बसले, ते दिवे लागेपर्यंत.

अद्वय सकाळच्या प्रवेशानंतर आला होता आणि संध्याकाळच्या आधी गेला होता.

आसावरी ऑफिसात परतली तेव्हा कर्णिक खोलीत एकटे होते. तिने दार लावून घेतलं आणि ऱ च्या तीन वाटांपासून सगळं सांगितलं. कोर्टात समोरच्या वकिलाचं ऐकावं तसं त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं.

फोल्डर उचलून का नेला, हे तिला आधी कळत नव्हतं, ती म्हणाली. एकच जबाब हवा होता तर तेवढाच काढता आला असता. मग लक्षात आलं, की रविवारी सकाळी कोणता काढायचा हे नेणाऱ्याला माहीतच नव्हतं. सुनावणीआधी सगळं ऐकून घ्यायचं होतं. आणि तो जुन्या पद्धतीचा वकील होता. फाईल घरी न्यायची, वाचायची, परत आणून रॅकमध्ये ठेवायची. त्याने आयुष्यभर तेच केलं होतं. फाईलची प्रत घरी नेत नाही कुणी, फाईलच नेतात.

“घरात माणसं दोन आहेत,” कर्णिक म्हणाले.

“काकूंना विचारू?”

“नको.”

बाहेर किटली उकळून बंद झाल्याचा आवाज आला.

“पण बाकीचे कुणी काढले?” कर्णिकांनी विचारलं. “सकाळी फोल्डर रिकामा होता. मी स्वतः पाहिला.”

त्यांना अजून कळलेलं नव्हतं. आसावरीने पुन्हा सांगितलं. कुणी काढले नाहीत. परत ठेवताना नावातला ऱ बदलला, मशीनला तो फोल्डर ओळखू आला नाही, त्याने नवा केला.

“म्हणजे या मुलीने काहीच केलं नाही.”

“नाही.”

“मला खरंच वाटलं होतं तिने केलं.”

“माहीत आहे, काका. तुम्ही न केलेली चोरी झालीय असं तुम्हाला वाटलं, म्हणून तुम्ही तिला बाकावर बसवलंत.”

कर्णिकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सगुणाबाईंचा जबाब कुठे आहे, असं आसावरीने विचारलं. कुठला जबाब, असं त्यांनी विचारलं. लॅपटॉप पाहू का, असं तिने विचारलं. उद्या ये, असं ते म्हणाले.

त्यानंतर ते बाहेर आले आणि भूमिकाला म्हणाले, की गैरसमज झाला, उद्यापासून नेहमीसारखं यायचं. गावात काय सांगायचं ते आपण ठरवू.

“आपण?” भूमिका म्हणाली. तिने बाकावरची पर्स उचलली आणि ती जिना उतरून गेली.

७

मंगळवारी आसावरी लॅपटॉप पाहायला गेली. तो दुरुस्तीला पनवेलला गेल्याचं अनसूयाकाकूंनी सांगितलं. काय बिघडलं होतं ते त्यांना माहीत नव्हतं. चहा त्यांनी विचारला नाही.

ऑफिसातल्या मशीनवर आसावरीने चौघांना चार वेगळी नावं आणि वेगळे पासवर्ड करून दिले, आणि बॅकअपच्या डिस्कला भिंतीत वेगळा प्लग काढून घेतला. दोन फोल्डरांपैकी कोरा पुसला आणि भरलेल्याला एका कळीच्या ऱ ने पुन्हा नाव दिलं. रविवारच्या दोन्ही नोंदींची प्रत तिच्याकडे आहे. सगुणाबाईंचा जबाब दुसऱ्या यंत्रावर नेला तो परत आलाच नाही, आणि इथे त्याची मोकळी झालेली जागा परत आलेल्या जबाबांनी भरली होती. त्यामुळे तो परत मिळवायला इथे काही उपाय नव्हता.

बुधवारी कर्णिकांनी प्रकृतीचं कारण सांगून सुनावणीचं काम अद्वयकडे दिलं. अद्वयने रात्रीपर्यंत बाकीचे जबाब ऐकले. काका गप्प आहेत, एवढंच त्याने आसावरीला फोनवर सांगितलं. तिने त्याला सगळं सांगितलं. शिवाचं नाव त्याने दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, की गावाचा वकील म्हणून त्याला तो जबाब नको आहे, आणि वकील म्हणून तो नाही असं म्हणणंही त्याला जमणार नाही. तो अजून असला, तर.

त्याच दिवशी भूमिका गावी गेली. सगुणाबाई अंगणात सुकट पसरत होत्या. पारावरचं त्यांनी ऐकलं होतं, आणि निकेशने सांगितलेलंही ऐकलं होतं. कशावर विश्वास ठेवला ते त्यांनी बोलून दाखवलं नाही.

“येकदा बोलले ना मी,” त्या म्हणाल्या. “ते तुमी हरवलात. आता परत कनाला गो?”

“मी हरवलं नाय, आते.”

“मंग कोनी?”

भूमिकाने सांगितलं. वकिलाचं नाव घेतलं तेव्हा सगुणाबाईंनी सुकटीवरचा हात थांबवला. त्यांच्या बोलण्यामुळे गावाचा दावा लंगडा होईल, हेही भूमिकाने सांगितलं. आणि हेही, की तिने तो जबाब पुढे केला तर गाव म्हणेल भावाच्या कंपनीसाठी केला, आणि नाही केला तर वकिलाने केलं तेच तिने केलं असं होईल. सगुणाबाईंनी विचारलं, मग तू आलीस कशाला. खरं काय ते तुम्ही सांगितलं होतं म्हणून, असं ती म्हणाली.

सगुणाबाई पदराला हात पुसत ओट्यावर येऊन बसल्या. फोन कुठे ठेवायचा ते त्यांनीच दाखवलं, वाऱ्याचा आवाज येणार नाही असा. त्या बराच वेळ बोलल्या. या वेळी त्या काय बोलल्या, पहिल्यासारखंच की काही वेगळं, हे भूमिकाने कुणाला सांगितलेलं नाही.

गुरुवारी ती प्रांत कार्यालयाच्या व्हरांड्यात सकाळपासून होती. एका बाजूला गावातली माणसं बसली होती, दुसऱ्या बाजूला कंपनीचे दोन अधिकारी. ती मध्ये, खिडकीशी उभी होती. निकेश आला, तिच्याशी दोन शब्द बोलला आणि शिफ्टला निघून गेला. गावातल्या कुणीतरी तिला बसायला जागा केली. ती बसली नाही. अद्वयने येऊन दोनदा विचारलं, की फोनमध्ये आहे ते तू मला देणार आहेस का. तिने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

दुपारी दीड वाजेपर्यंत पुकारा झालेला नव्हता. फोन तिच्या हातात होता.